खेळ संपला असे कोण म्हणणार?

वसई-विरार मागे टाकून पश्चिम रेल्वेची गाडी उत्तरेकडे धावू लागली की पालघर, डहाणू, वापी, वलसाड, नवसारी ही स्थानके एकामागून एक मागे पडतात आणि अखेर उधना व सुरत येते. ज्यांना १४ जानेवारीच्या सुमारास तिकडे जाण्याचा योग येईल, त्यांनी आभाळाकडे अवश्य पाहावे. त्या दिवशी उत्तरायण असते. सारे शहर गच्चीवर लोटते. आजोबा फिरकी धरतात, नातू पतंग चढवतो, बहीण भावाला दिशा सांगते आणि कोणाचा पतंग कापला गेला की गल्लीभर ‘काय्पो छे!’ असा एकच गजर उठतो. सुरतेचा मांजा तर साऱ्या गुजरातेत नावाजलेला. १५ तारखेला शिळे उत्तरायण होते आणि मग खेळ संपतो. फिरकी गुंडाळून माळ्यावर जाते ती पुढच्या वर्षापर्यंत.

आता त्याच गच्चीखालच्या एखाद्या खोलीत डोकावू या. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत मराठी कुटुंबांची दाट वस्ती आहे. तापीचे पाणी खानदेशातून वाहत सुरतेला मिळते आणि त्याच वाटेने, तापीच्या खोऱ्यातून धावणाऱ्या रेल्वेने, जळगाव, धुळे, नंदुरबारकडील माणसे पोटासाठी सुरतेत आली. सुरत महानगरपालिकेने त्यांच्या मुलांसाठी मराठी शाळाही चालविल्या. बाप यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला जातो, आई घरी बसून साड्यांना लेस व टिकल्या लावते आणि नगावर मजुरी घेते. खोली एक, तिच्यात माणसे पाच. गल्ली इतकी अरुंद, की लगोरीचे दगड मांडावे कोठे हाच प्रश्न. अशा घरात संध्याकाळी शाळेतून आलेले पोर कोपऱ्यात बसते आणि त्याच्या हातात मोबाईल असतो. त्याच्या चेहऱ्यावर त्या लहानशा काचेचा उजेड पडलेला असतो. आईने दोन वेळा हाक मारली, तरी त्याचे एकच उत्तर: “थांब ना आई, एवढा डाव संपू दे.”

तो डाव संपतो. परंतु खेळ संपत नाही.

वाचकहो, हे चित्र केवळ सुरतेचे आहे असे समजू नका. आपल्या गावात, आपल्या ओटीवरही ते दिसते. म्हणून हा संगणकावरचा खेळ आला कोठून, वाढला कसा आणि आज तो आपल्या मुलांना इतका का धरून ठेवतो, हे एकदा शांतपणे समजून घेणे बरे.

ज्या यंत्राने हा खेळ त्या खोलीत आणला, त्याच्या वंशावळीत एक पूर्वज मागच आहे, हे त्या मागवाल्या बापाला कोणी सांगितले तर तो हसेल. फ्रान्समधील लिओं शहराचा जोसेफ-मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास मागावर नक्षी विणण्याची एक युक्ती सिद्ध केली. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडावयाची; जेथे भोक असेल तेथे आकडा धागा उचलील, जेथे नसेल तेथे धागा खाली राहील. पट्ट्यांची माळ फिरत राहिली की वेलबुट्टी आपोआप उमटते. सुरतेच्या कारागिरांना हा ‘जेकार्ड’ चांगला परिचयाचा आहे. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच भोकांचे पुठ्ठे योजिले, आणि १८९० साली अमेरिकेची शिरगणती तशाच पुठ्ठ्यांवर मोजली गेली. भोक आहे किंवा नाही, होय किंवा नाही, एवढ्या दोन शब्दांवर आजचा संगणक चालतो. मागावर त्या दोन शब्दांतून साडीचा पदर निघाला. संगणकातून हिशेब निघाले, पत्रे निघाली आणि खेळही निघाले.

पहिल्यावहिल्या खेळांपैकी एकाची कथा मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाचे एक पदार्थवैज्ञानिक होते. युद्धकाळात त्यांनी अणुबाँबच्या विद्युत्-यंत्रणेचे काम केले होते. ऑक्टोबर १९५८ मध्ये प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांचे मन रमावे म्हणून त्यांनी एका लहानशा गोल पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. एक रेघ म्हणजे जाळी आणि एक ठिपका म्हणजे चेंडू. लोकांनी रांगा लावल्या. पुढील वर्षीही तो दाखविला गेला, आणि नंतर? नंतर यंत्राचे भाग सोडवून दुसऱ्या कामाला लावले. खेळ झाला, लोक हसले, पडदा मिटला. हिगिनबॉथम यांनी त्यावर ना मालकी सांगितली, ना पैसा मिळविला.

त्यानंतर १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनी दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. तो संगणक कपाटाएवढा मोठा व लाखाहून अधिक डॉलर किमतीचा होता. साहजिकच कामाच्या वेळेत त्यावर कोणी खेळू देत नसे. यंत्र मोकळे असेल तेव्हाच डाव मांडावयाचा. म्हणजे येथेही खेळाला कुंपण होते, आणि ते कामाचे होते.

खेळ बाजारात आला तो १९७२ साली. अटारी या कंपनीने ‘पाँग’ नावाचे टेबल-टेनिससारखे यंत्र काढले आणि कॅलिफोर्नियातील एका मद्यगृहात ठेवून पाहिले. थोड्याच दिवसांत ते बंद पडले. कारागीर जाऊन पाहतो तो नाण्यांचा डबा काठोकाठ भरल्याने यंत्र अडले होते, अशी त्याची हकीकत सांगतात. त्या क्षणी व्यापाऱ्यांना कळले, की या ठिपक्यात पैसा आहे. मग १९७८ साली जपानमधून परग्रहावरच्या शत्रूंना टिपण्याचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला, १९८० साली सतत तोंड उघडझाप करणारा पिवळा ‘पॅकमॅन’ आला. आपल्याकडेही जत्रेत, बाजारपेठेत आणि शहरांतील पार्लरांत ही यंत्रे दिसू लागली. येथे कुंपण होते ते नाण्याचे. खिशातील नाणी संपली की पोर मुकाट्याने घरची वाट धरी.

त्यानंतर खेळ घरात शिरला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली दूरदर्शन संचाला जोडावयाचे यंत्र काढले आणि १९८५ साली ‘सुपर मारिओ’ने जगभरच्या मुलांना वेड लावले. आपल्या देशात १९९० नंतर ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांची तशाच बनावटीची यंत्रे मिळू लागली. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळ बापांना त्यातील डब्या, म्हणजे कॅसेटी, फुंकर मारून बसविल्याचे आठवत असेल. पण घरात दूरदर्शन संच एकच. आजीला बातम्या हव्यात, आईला मालिका हवी, आणि मध्येच वीज गेली की सगळेच अंगणात. त्या खेळाला कुंपण घातले ते कुटुंबाने.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि शहराशहरांत सायबर कॅफे निघाले. एकमेकांस तारांनी जोडलेल्या संगणकांवर मुले दोन बाजू करून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळू लागली. खरे सांगावयाचे तर, हा आपल्या आट्यापाट्या-हुतूतूचाच प्रकार: गडी वाटून घ्यावयाचे, एकाने पुढे व्हावयाचे, दुसऱ्याने पाठ राखावयाची. त्याच सुमारास दक्षिण कोरियात या खेळांची एक संस्कृतीच उभी राहिली. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तेथे गल्लोगल्ली संगणकघरे निघाली, १९९८ साली ‘स्टारक्राफ्ट’ आला आणि पुढे केवळ असे सामने दाखविणाऱ्या दूरदर्शन-वाहिन्याही सुरू झाल्या. खेळाडूंना पगार मिळू लागला, प्रेक्षकांनी सभागृहे भरू लागली. ‘ई-स्पोर्ट्स’ हा शब्द रूढ होण्यात या देशाचा वाटा मोठा आहे. तरीही कॅफेत एक कुंपण होते, ते घड्याळाचे. तासाचे पैसे संपले की मालक खुर्ची रिकामी करावयास सांगे.

आता पाहा, नाणे, घरातील एकच संच, तासाचा दर ही सारी कुंपणे एका मागोमाग एक पडली ती आपल्या डोळ्यांदेखत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले आणि इंटरनेट इतके स्वस्त झाले, की मागावरच्या मजुराच्या खिशातही ते दिवसरात्र चालू राहू लागले. मार्च २०१८ मध्ये ‘पब्जी’ मोबाईलवर आला. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, रिंगण हळूहळू आवळत जाते आणि जो अखेरपर्यंत तगेल तो जिंकतो. एक डाव अर्ध्या तासाच्या आतबाहेर. चार मित्र चार घरांत बसून एका गटात खेळू शकतात आणि एकमेकांशी बोलूही शकतात. विकत घ्यावा लागत नाही. नाणे नको, खुर्ची नको, वेळेचे बंधन नको.

वर्षभरातच सुरतेसह साऱ्या गुजरातेतील आईबाप आणि शिक्षक हवालदिल झाले. जानेवारी २०१९ मध्ये राज्याच्या बालहक्क आयोगाच्या शिफारशीवरून प्राथमिक शाळांत या खेळास मज्जाव करण्याचे परिपत्रक निघाले. मार्चमध्ये, ऐन परीक्षांच्या दिवसांत, राजकोट आणि सुरत येथे हा खेळ खेळण्यासच मनाई करण्यात आली. राजकोटला तर पोलिसांनी दहा तरुणांना अटक केली. मोबाईलवर खेळताना सापडले, हा त्यांचा अपराध. देशभर त्याची चर्चा झाली. कोणी म्हणाले योग्य केले; कोणी म्हणाले खेळणाऱ्या पोराला पोलीस ठाण्यात नेणे म्हणजे माशी मारण्यासाठी कुऱ्हाड उचलण्यासारखे आहे. परीक्षांचा हंगाम सरला, मनाईही सरली आणि कोपऱ्यातील पोर पुन्हा तसेच बसले. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत हा खेळही गेला. परंतु २०२१ साली तो वेगळ्या नावाने परत आला आणि तोवर दुसरे अनेक खेळ रांगेत उभे होतेच.

हुकूम का हरला? कारण दार बाहेरून लावले आणि कडी आत होती. ही कडी कशी घडविली आहे ते पाहिले पाहिजे.

आपल्यापैकी जे गळ टाकून खाडीच्या काठी बसले आहेत, त्यांना हे लगेच कळेल. प्रत्येक वेळी गळाला मासा लागला असता, तर पुरेसे मासे मिळाल्यावर माणूस उठला असता. एकदाही लागला नसता, तरी उठला असता. परंतु कधी लागतो, कधी लागत नाही, आणि पुढच्या वेळी लागेल असे वाटत राहते. म्हणूनच संध्याकाळ होऊन गेली तरी पाय निघत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखविले, की बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला म्हणजे प्राणी अधिक चिकाटीने कळ दाबत राहतो. आजचे अनेक खेळ याच तत्त्वावर रचले जातात. कोणत्या पेटीत काय निघेल ते ठाऊक नाही; रोज हजेरी लावली तर भेट मिळते, एक दिवस चुकला तर साखळी तुटते; आणि खेळ सोडावा तर गटातील मित्र नाराज होतात. खेळ फुकट आहे खरा. पण जो व्यापारी माल फुकट देतो, तो किंमत दुसरीकडे वसूल करतो. येथे किंमत आहे वेळेची, आणि पुढे पोशाख, शस्त्रे व पेट्या विकत घेतल्या की पैशाचीही.

या न संपणाऱ्या खेळाची एक विलक्षण गोष्ट आहे. १९८४ साली मॉस्कोतील अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी ‘टेट्रिस’ रचला. वरून पडणाऱ्या ठोकळ्यांनी खालची ओळ भरावयाची, ओळ भरली की नाहीशी होते, आणि ठोकळे अधिकाधिक वेगाने पडत राहतात. निन्टेन्डोच्या यंत्रावरील या खेळाचा शेवट माणसाच्या हातून कधी गाठलाच जाणार नाही, अशी समजूत कित्येक वर्षे होती. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली आणि यंत्रच गोठून उभे राहिले. मुलगा जिंकला, यंत्र थकले! त्या मुलाचे कौतुक साऱ्या जगाने केले आणि ते योग्यच होते. परंतु प्रत्येक घरात असे होत नाही. बहुतेक घरांत यंत्र थकत नाही, मूल थकते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की संगणकावरील खेळ म्हणजे पापाचे मूळ. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गुजरातेतीलच भुज येथील तीर्थ मेहता या तरुणाने २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांसारख्या बुद्धीच्या खेळात कांस्यपदकाचे स्थान मिळविले. त्या वर्षी हे खेळ केवळ प्रात्यक्षिकादाखल होते; २०२३ साली हांगझोऊ येथे भरलेल्या स्पर्धेत त्यांना रीतसर पदके देण्यात आली. चित्र काढणारे, संगीत रचणारे, कथा लिहिणारे आणि संगणकाची आज्ञावली लिहिणारे असे कित्येक जण या धंद्यावर प्रामाणिकपणे पोट भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आपल्या यादीत घातला व २०२२ पासून ती यादी अमलात आली. पण तिने त्याच्या खुणाही स्पष्ट सांगितल्या आहेत. खेळावर ताबा न राहणे, अभ्यास, झोप, जेवण, माणसे या सर्वांपेक्षा खेळ मोठा वाटणे, नुकसान दिसत असूनही तो सुटत नसणे, आणि हे सारे साधारणपणे वर्षभर टिकणे. असे होणारे थोडे असतात. रविवारी दोन डाव खेळणाऱ्या मुलाला रोगी ठरवू नये. मात्र वरील खुणा दिसल्या, तर लाज न धरता डॉक्टरांकडे जावे. बेंगळूरुच्या निमहान्स या संस्थेत तर अशा त्रासासाठी २०१४ पासून स्वतंत्र दवाखाना आहे.

एका बाबतीत मात्र सौम्यपणा नको, आणि ती म्हणजे पैसे लावून खेळावयाचे खेळ. पत्ते असोत की क्रिकेटचा संघ, पडद्यावर आल्याने जुगार पवित्र होत नाही. अशा खेळांत लोक दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारच्या वतीने सांगण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली. ते चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा आहे. खेळणारा नाडलेला आहे असे मानून त्याला शिक्षा ठेवलेली नाही. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. खेळ वेगळा आणि जुगार वेगळा, ही रेघ कायद्याने ओढली, हे बरे झाले.

परंतु कायदा घरात येऊन संध्याकाळी मुलाच्या शेजारी बसत नाही. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर खेळण्यास बंदी केली होती. दहा वर्षांनी तिने तो कायदा मागे घेण्याचे ठरविले आणि निर्णय पुन्हा आईबापांच्या हाती दिला. तेव्हा कुंपण घालावयाचे ते आपणच.

कसे घालावे? पहिली गोष्ट, मुलाजवळ बसून त्याचा खेळ एकदा समजून घ्यावा. तो काय खेळतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा शब्द मूल मानणार नाही. दुसरी, मिनिटे ठरविण्यापेक्षा डाव ठरवावेत. दहा मिनिटांनी मोबाईल हिसकावला तर डाव अर्धा राहतो, गट हरतो आणि मुलाला खरोखरच अन्याय वाटतो. ‘दोन डाव, मग जेवण’ असा करार आधी केला तर तो पाळता येतो. तिसरी, रात्री घरातील सर्वांचे मोबाईल एकाच फळीवर विसावावेत, आणि त्यांत बापाचाही असावा. चौथी, बँकेचा संकेतांक मुलाच्या हाती देऊ नये आणि खेळातील खरेदी बंद ठेवावी. आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची: खेळ काढून घेतल्यावर रिकामी झालेली जागा कशाने तरी भरावी. ज्याला अंगण नाही, मैदान नाही, बोलावयास कोणी मोकळे नाही, त्याने त्या काचेत अंगण शोधले तर दोष सगळा त्याचा नाही. बारा तासांच्या पाळीवरून परतलेल्या बापाला हे सांगणे सोपे, करणे कठीण, याची आम्हांस जाणीव आहे. तरी आठवड्यातून एक संध्याकाळ त्याने मुलाला तापीच्या काठावर न्यावे. आपण आपल्या मुलास समुद्रावर न्यावे.

आपण लहान होतो तेव्हा विटीदांडूचा डाव कितीही रंगात आला असला, तरी देवळाची सायंकाळची घंटा झाली की दांडू खाली पडे. रोझरीला वेळेवर घरी पोहोचावयाचे, हे न सांगता ठाऊक असे. अर्धा राहिलेला डाव उद्या पुढे चालेल, हा भरवसाही असे. त्या घंटेने आमचा खेळ हिरावून घेतला, असे कधी वाटले नाही. उलट तिच्यामुळेच उद्याच्या खेळाची ओढ राहिली.

सुरतेच्या गच्चीवरचा मुलगा फिरकी गुंडाळतो तेव्हा हिरमुसला होत नाही. खेळ मनसोक्त झालेला असतो, घरची सारी माणसे त्यात असतात, आणि संपला असे म्हणणारे कोणीतरी मायेचे माणूस जवळ उभे असते. पडद्यावरचा खेळ स्वतःहून कधी संपला असे म्हणणार नाही. ते शब्द रागाने नव्हे, तर मुलाच्या शेजारी बसून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून आपणच म्हणावयाचे आहेत.